तुम्ही विचारलंत म्हणून: चेनलाइन किती ठेवायची?

"ताई, चेनलाइन किती ठेवायची?" हा प्रश्न मला सारखा येतो. कधी इथल्या क्लबमधले आईवडील विचारतात, कधी पुण्या-नाशिकची पोरं अर्धवट जोडलेल्या सायकलीचे फोटो पाठवून विचारतात. सगळ्यांना एक आकडा हवा असतो. मी आकडा सांगत नाही म्हणून काहींना वाटतं, ही टाळतेय. टाळत नाही. उत्तर लांब आहे, ते एकदा बसून लिहिते.

ट्रायल्सची सायकल ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: हिला सीट नसते, गिअर एकच असतो, आणि ती दगडांवरून, ओंडक्यांवरून पाय न टेकवता उड्या मारत न्यायची असते. खेळ मूळचा बार्सिलोनाकडचा. मोटरसायकलच्या ट्रायल्समधले पेरे पी यांनी आपल्या मुलासाठी, ओट पीसाठी, बिनइंजिनाची सायकल केली. पुढे तो मुलगा या खेळातला विश्वविजेता झाला. स्पॅनिशमध्ये याला 'त्रियालसिन' म्हणायचे, म्हणजे मोटरशिवायची ट्रायल. आम्ही स्टुटगार्टजवळ राहतो. लेक अकरा वर्षांचा असताना शेजारच्या गावातल्या क्लबच्या मैदानावर त्याने हा प्रकार पाहिला आणि तिथेच अडकला. माझं बालपण मिरजेत वडिलांच्या सायकलच्या दुकानात गेलेलं, त्यामुळे सायकल जोडायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

चेनलाइन म्हणजे सायकलच्या बरोब्बर मधल्या उभ्या रेषेपासून चेनच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर. ते पुढे एक असतं आणि मागे एक. दोन्ही सारखे असले की वरून बघताना चेन सरळ पळते. जर्मनमध्ये चेनलाइनला 'केटनलीनिए' म्हणतात आणि दोन टोकांना टांगलेल्या साखळीला जो झोल पडतो त्या वक्रालाही हाच शब्द आहे. क्लबात एकाने मला सांगितलं, "केटनलीनिए तपासली," आणि प्रत्यक्षात त्याने चेन किती लोंबतेय ते बघितलं होतं. म्हणून म्हणते, चेनलाइन वरून बघायची असते, बाजूने नव्हे.

"पण गिअरच्या सायकलीत चेन सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर तिरकी पळते, तिथे काही होत नाही. मग इथे एका मिलिमीटरचा हट्ट कशाला?" हा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. गिअरच्या सायकलीची चेन बारीक असते, आडवी वाकावी म्हणूनच केलेली असते, आणि मागे स्प्रिंगचा हात तिची ढील सतत ओढून धरतो. इथे तो हात बहुधा नसतो. चेन जाड, आडवी फारशी न वाकणारी. पुढच्या-मागच्या दातेरी चक्रांमधलं अंतरही कमी, आमच्या 26 इंची सायकलीत साधारण 380 मिलिमीटर.

आणि वजन. लेक 60 किलोचा आहे, क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, 170 मिलिमीटरची. पुढे 18 दात, मागे 15, ही 26 इंची ट्रायल्सची नेहमीची जोडी. 18 दातांच्या चक्राची त्रिज्या साडेछत्तीस मिलिमीटरच्या आसपास येते, म्हणजे क्रँक आडवी ठेवून पोरगा पेडलवर नुसता उभा राहिला तरी चेनवर सुमारे 280 किलोचा ओढ येतो. साध्या सायकलीत पुढे 32 दात असतील तर तोच मुलगा 157 किलोनेच ओढतो. हे नुसतं उभं राहण्याचं झालं. ट्रायल्समध्ये मागच्या चाकावर तोल धरून, ब्रेक सोडत, पेडलवर मारलेल्या एका लाथेत पुढच्या दगडावर जायचं असतं. त्या लाथेच्या क्षणी चेन दातावर नीट बसलेली नसेल तर पायाखालचं पेडल एकदम रिकामं होतं आणि सगळं शरीर हँडलवर जातं.

आणखी एक गोष्ट नव्याने जोडणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच ट्रायल्स सायकलींत फ्रीव्हील, म्हणजे पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारं दातेरी चक्र, मागे नसतं, पुढे क्रँकवर असतं, आणि मागचा कॉग, म्हणजे मागचं दातेरी चक्र, हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) घट्ट असतो. त्यामुळे पेडल थांबलं तरी चाक फिरतंय तोवर चेन फिरतच राहते. अशी चेन नुसत्या उतारावरही उतरू शकते, आणि कॉग आणि फ्रेमच्या मध्ये अडकली तर मागचं चाक जागच्या जागी आवळलं जातं.

आता माझी चूक सांगते. दोन हिवाळ्यांपूर्वी एक जुनी फ्रेम घेतली. बीबीचा, म्हणजे दोन क्रँकच्या मधल्या बेअरिंगचा, एक्सल चौकोनी निमुळत्या टोकाचा होता. मागे मोजलं, 49.5. पुढे क्रँक हाताने बसवून मोजली, 50. अर्ध्या मिलिमीटरचा फरक, मी समाधानी. मग लांब पान्याने क्रँक आवळली आणि पुन्हा मोजलं नाही. निमुळत्या टोकावर आवळताना क्रँक आत सरकते, हे मला दुकानात लहानपणापासून माहीत होतं. तिसऱ्या शनिवारी लाकडी पॅलेटांवर सराव चालू असताना लाथ मारली आणि चेन उतरली. गुडघ्याखाली सहा टाके पडले. त्या रात्री कॅलिपर घेऊन बसले तर पुढचा आकडा 47.3 होता. म्हणजे 2.2 मिलिमीटर. कोनात सांगायचं तर एक तृतीयांश अंश. चेन थोडी सैलही होती, हे खरं. पण तेवढीच सैल चेन सरळ असती तर टिकली असती, असं मला आजही वाटतं.

तेव्हापासून मी मागून सुरुवात करते. आधी फ्रेम सरळ आहे का ते बघायचं. अप्पा, माझे वडील, दोरा लावायचे: मागच्या एका ड्रॉपआउटला, म्हणजे फ्रेमच्या ज्या खाचेत चाकाचा एक्सल बसतो तिला, दोरा बांधायचा, पुढे हँडलखालच्या हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला आणायचा, आणि मधल्या उभ्या नळीपासून दोन्हीकडे दोऱ्याचं अंतर सारखं येतंय का ते पाहायचं. कमी-जास्त आलं तर पुढची मापं घेण्यात अर्थ नाही. ट्रायल्सच्या काही फ्रेममध्ये ती उभी नळी अगदी आखूड किंवा वाकडी असते, तिथे दोरा बीबीच्या नळकांड्याशी ताडून बघते. मग चाक दोन्ही स्टेच्या, म्हणजे त्याच्या दोन बाजूंच्या नळ्यांच्या, बरोबर मध्ये आणून आवळायचं. डावी-उजवीकडचे ताण देणारे कॅम वेगवेगळे फिरतात, त्यामुळे चाक तिरकं बसणं फार सोपं आहे.

मागचं माप: हबची रुंदी 135 असेल तर निम्मे 67.5. उजव्या ड्रॉपआउटच्या आतल्या अंगापासून कॉगच्या दाताच्या मध्यापर्यंत मोजायचं. ते 18 आलं तर मागची चेनलाइन 49.5. कॅलिपर दाताच्या बाहेरच्या अंगाला लागतो, म्हणून दाताची निम्मी जाडी मिळवायची, ही मिळवणी पुष्कळ जण विसरतात. पुढचं माप: बीबीचं नळकांडं 68 चं असेल तर निम्मे 34, आणि त्याच्या उजव्या तोंडापासून फ्रीव्हीलच्या दाताच्या मध्यापर्यंत जे येईल ते त्यात मिळवायचं. 15.5 आलं की 49.5, जुळलं. हे माप क्रँक पूर्ण आवळल्यावरच घ्यायचं. खोक्यावर छापलेल्या आकड्यावर मी विसंबत नाही. तो आकडा ठरावीक क्रँक आणि ठरावीक एक्सल एकत्र धरून दिलेला असतो, आणि ट्रायल्सच्या सायकलीत भाग दहा ठिकाणांहून जमवलेले असतात.

फ्रीव्हील फिरवून बघा, ते थोडं डुलतं. चांगलंही डुलतं. त्यामुळे एका जागी मोजून चालत नाही, सर्वांत आतली आणि सर्वांत बाहेरची जागा शोधून त्यांचा मध्य धरायचा. याच कारणासाठी लोखंडी पट्टी पुढच्या चक्राला टेकवून मागच्या कॉगपर्यंत नेण्याची पद्धत इथे फसवते. अठरा दातांचं चक्र जेमतेम 73 मिलिमीटरचं. तेवढ्या आधारावर पट्टी 0.2 मिलिमीटर कलली तरी मागे पोहोचेपर्यंत चूक मिलिमीटरभर होते. पट्टी मी शेवटी, खात्रीसाठी लावते.

मागचा कॉग हबवर आट्यांनी बसणारा असेल तर तो फारसा हलवता येत नाही, म्हणून पुढचं मागच्याशी जुळवायचं. बीबीच्या उजव्या कपाखाली (फ्रेममध्ये आट्यांनी बसणाऱ्या वाटीखाली) एक मिलिमीटरचा वायसर टाकला की एक्सल तेवढा उजवीकडे येतो. दोन मिलिमीटरच्या पुढे मी जात नाही, कारण डाव्या कपाला आटे कमी पडू लागतात. त्याहून जास्त लागत असेल तर वेगळ्या लांबीचा एक्सल घ्यायचा. मागे-पुढे एक मिलिमीटरच्या आत आलं की मी थांबते.

महिनाभर चालवलेल्या सायकलीचे दात बघून तर न मोजताही सांगता येतं. पुढच्या दातांची उजवी बाजू आणि मागच्या दातांची डावी बाजू घासून चमकत असेल तर पुढचं चक्र जास्त बाहेर आहे. उलट असेल तर जास्त आत. लेकाच्या त्या जुन्या फ्रेमच्या पुढच्या दातांवर डावीकडची चमक टाके पडायच्या आधीपासून असणार. मी चेनला तेल घालताना ती बघायला हवी होती.

आणि पहिल्या एक-दोन सरावांनंतर पुन्हा मोजा. क्रँकवरचं फ्रीव्हील आट्यांवर असतं, चालवण्याच्या जोराने ते पक्कं बसत जातं, आणि चौकोनी टोकाची क्रँकही पुन्हा आवळावी लागते.

नाशिकच्या एका मुलाने काल आकडे पाठवले: पुढे 48, मागे 45. त्याची फ्रेम जुन्या माउंटन बाइकची, फ्रीव्हील मागे, कॅसेटच्या, म्हणजे एरवी अनेक कॉग बसणाऱ्या, हबवर एकच कॉग आणि बाकी सगळे स्पेसर, म्हणजे जागा भरणाऱ्या कड्या. तिथे माझी वरची पद्धत उलटी करायची, कारण अशा हबवर हलवायला सोपा मागचा कॉगच. त्याला लिहिलं, क्रँक आवळून मोजलंस ना? हो म्हणाला. मग कॉगच्या बाहेरचा तीन मिलिमीटरचा एक स्पेसर काढ आणि आतल्या बाजूला, स्पोककडे घाल. कॉग 48 वर येईल. नंतर परत मोजून मला आकडा पाठव. रविवारी करतो म्हणाला.