रविवारची टू-मीटर नेट: पहिल्या अठरा फेऱ्यांची नोंद

फेऱ्या १ ते ४
नेट म्हणजे आम्हा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची दर रविवारी टू-मीटर बँडवर, एफएमवर भरणारी बैठक. नेट कंट्रोल (ती चालवणारा) "चेक-इनसाठी (हजेरीसाठी) या" म्हणून चॅनल मोकळा सोडायचा आणि सहा-सात जण एकदम पीटीटी (बोलायचं बटण) दाबायचे. एसएसबी या दुसऱ्या प्रक्षेपण पद्धतीवर असं झालं तर आवाज एकमेकांत मिसळतात, पण निदान दोघे आहेत एवढं कळतं. एफएमचा रिसिव्हर मात्र सर्वांत जोरदार सिग्नल धरतो आणि बाकीचे पुसून टाकतो. दोघांची ताकद बरोबरीची असली तर नुसती शिट्टी किंवा घरघर येते. त्यामुळे गच्चीवर यागी (एका दिशेला रोखलेली अँटेना) लावलेलं २५ वॉटचं स्टेशन दरवेळी लॉगमध्ये जातं आणि खोलीतून रबर अँटेनावर ५ वॉटची हँडी (हातातला रेडिओ) चालवणारा नवा व्हीयू३ (मर्यादित परवान्याचा हॅम) तीनदा कॉल साइन (परवान्यावरची ओळख) देऊन गप्प बसतो. आपला आवाज झाकला गेला हे त्याला कळतही नाही, कारण पीटीटी दाबलेला असताना त्याचा रिसिव्हर बंद असतो. कोणी वाईट वागलेलं नसतं, तरी पुढच्या रविवारी तो येत नाही.

फेरी ५
म्हणून क्रम उलटा केला. आधी हँडी आणि गाडीतली स्टेशनं, मग पहिल्यांदा येणारे, मग बाकीचे सफिक्सच्या (कॉल साइनच्या शेवटच्या भागाच्या) पहिल्या अक्षराप्रमाणे: ए ते एफ, जी ते एम, एन ते झेड. चार कॉल साइन झाल्या की थांबायचं, लिहायच्या, वाचून दाखवायच्या, मगच पुढच्यांना बोलवायचं.

तरीही दोन स्टेशनं डबल होतातच, म्हणजे एकावर एक बोलतात. तेव्हा "कोण होतं?" असं विचारायचं नाही. ते विचारलं की दोघंही पुन्हा एकदम उत्तर देतात. जो तुकडा कानावर पडला तोच परत द्यायचा: "दोन स्टेशनं एकत्र आली. शेवटी किलो ऐकू आलं. फक्त किलोवालं स्टेशन, पुन्हा या." (किलो म्हणजे के हे अक्षर.) दुसऱ्याला त्यानंतर लगेच, न विसरता.

या फेरीपासून रिपीटरच्या (आपला सिग्नल घेऊन दूरवर पुन्हा पाठवणाऱ्या यंत्राच्या) बीपनंतर पूर्ण दोन सेकंद सोडायचा नियम केला. नेट सुधारली ती सगळ्यांत जास्त यामुळे. रिपीटरचा टाइमआउट टायमर (सलग बोलण्याची मर्यादा) बहुधा तीन मिनिटांच्या आसपास असतो. बीप पडायच्या आत पुढच्यानं पीटीटी दाबला तर अनेक रिपीटरवर टायमर शून्यावर येत नाही. आधीच्याच्या बोलण्याचा वेळ पुढच्याच्या खात्यात जमा होतो आणि तिसरा माणूस वाक्याच्या मधेच कापला जातो. शिवाय त्या दोन सेकंदांतच कोणाला तातडीचा "ब्रेक" टाकता येतो. जागाच सोडली नाही तर तो येणार कुठून?

पीटीटी दाबल्यावरही मनात "एक" म्हणून मग बोलायचं. सबटोन (रिपीटर उघडणारा, आवाजाखालचा बारीक सूर) ओळखायला रिपीटरला क्षणभर लागतो. घाई केली की "व्हीयू टू" गिळलं जातं आणि नुसता सफिक्स बाहेर पडतो.

फेरी ८
वेळेचा हिशोब साधा आहे. एका स्टेशनला दीड मिनिट धरलं तर ३० स्टेशनांना ४५ मिनिटं, आणि शेवटचा माणूस तोवर जेवायला गेलेला असतो. आता दर फेरीला एकच तांत्रिक प्रश्न असतो आणि त्यावर प्रत्येकानं ४० सेकंदांत बोलायचं. लांबच्या गप्पा नेट संपल्यावर सिम्प्लेक्सवर, म्हणजे रिपीटरशिवाय थेट.

लॉगची वही हातानं लिहिलेली. रकाने सहा: वेळ, कॉल साइन, नाव, गाव, सिग्नल रिपोर्ट, शेरा. वेळ आयएसटीमध्येच लिहायची. यूटीसी हवी असेल तर साडेपाच तास वजा करून शेजारी टाकायची. दोन्ही वेळा एकाच रकान्यात घालू नयेत.

नव्या हँडीवाल्यांच्या अडचणी ठरलेल्या असतात, त्या नेटच्या आधी फोनवर तपासून घ्याव्यात. ऑफसेट (ऐकायच्या आणि पाठवायच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) ६०० किलोहर्ट्झ आणि दिशा वजा आहे का? टोन (तोच सबटोन) फक्त ट्रान्समिटला लावलाय की रिसीव्हलाही? रिपीटर स्वतः टोन पाठवत नसेल तर रिसीव्हला टोन लावलेली हँडी मुकी राहते आणि माणसाला वाटतं रिपीटरच बंद आहे. आवाज बारीक येत असेल तर बँडविड्थ नॅरोवर गेली आहे का, ते बघावं.

फेरी ११
कोरी कॅरिअर (नुसता सिग्नल), बोलणं नाही, मागे इंजिनाची घरघर. ही खोडी नव्हे, सीटमध्ये दबलेला गाडीतला माईक असतो. रागावून उपयोग नाही. ज्याचा माईक अडकलाय त्याला काही ऐकूच जात नाही. टायमरनं रिपीटर बंद पडला की सगळ्यांनी आधी ठरवलेल्या सिम्प्लेक्स फ्रिक्वेन्सीवर जायचं. मुद्दाम त्रास देणारा असेल तर त्याचं नावही हवेवर घ्यायचं नाही. वेळ आणि सिग्नल वहीत नोंदवायचा आणि पुढचं स्टेशन बोलवायचं. त्याला प्रेक्षक मिळाला की तो मुक्कामालाच येतो.

चूक दाखवायची ती नेटनंतर, फोनवर. शाबासकी मात्र हवेवर, सगळ्यांच्या देखत. धंद्याची जाहिरात परवान्यालाच मान्य नाही. राजकारण आणि धर्म नेटवर आम्ही ठेवत नाही. कोणी घसरला तर कंट्रोलनं विषयावर न बोलता नुसतं पुढचं कॉल साइन घ्यायचं.

फेरी १५ पासून
रिपीटरच्या आवाक्याबाहेरच्यांसाठी ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झ) सकाळची जोडनेट. ७.१ मेगाहर्ट्झला डायपोलची (दोन सारख्या तारांच्या अँटेनाची) एक बाजू हिशोबानं साधारण १० मीटर, तार १०.४ मीटर कापावी आणि दोन्हीकडून सारखी छाटत एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते याचं माप) खाली आणावा. पीव्हीसी चढवलेली तार उघड्या तारेपेक्षा थोडी आखूड लागते. उंची ५ ते ६ मीटर पुरे. उंच खांबाचा हट्ट इथे नको, कारण सिग्नल डोक्यावर जाऊन, आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून) परतून शेजारच्या जिल्ह्यात पडायला हवा.

पहाटे आयनोस्फिअर विरळ असतो, त्यामुळे दूरची स्टेशनं दणदणीत आणि जवळची गायब. दुपारी त्याचाच सर्वांत खालचा डी थर सिग्नल खातो. मधला सकाळचा पट्टा धरायचा. उन्हाळ्यात साडेसात ठीक. जानेवारीत आपल्याकडे सूर्यच सातनंतर उगवतो, तेव्हा सव्वाआठ. वळवाच्या दिवसांत ढग दिसले की कोअ‍ॅक्स (अँटेनाची केबल) काढून खिडकीबाहेर.

फेरी १८
पर्यायी नेट कंट्रोल दोन ठरले, मुद्दाम शहराच्या वेगवेगळ्या टोकांचे. एकाला जे ऐकू येत नाही ते दुसरा रिले करतो.

आता संदेशांची तालीम. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये हॅमची मोहीम आधीपासून हवेवर होती आणि तिचीच संदेशांची नेट झाली. तशी वेळ येईल तेव्हा हात बसलेला असावा. फेरी १९ साठी: रिपीटर बंद आहे असं समजून सुरुवात सिम्प्लेक्सवर. प्रत्येकी २५ शब्दांच्या आत एक संदेश. देणाऱ्यानं शब्दसंख्या आधी सांगायची, पाच-पाच शब्दांनी थांबायचं, आकडे सुटे म्हणायचे: "पंचेचाळीस" नाही, "चार, पाच". घेणाऱ्यानं शब्द मोजून संख्या जुळली तरच "मिळाला" म्हणायचं. पेन्सिल दोन ठेवाव्यात.