पांझरेकाठी तीन दिवस : पाट साफ करणाऱ्या पोरांसोबत

नाशिकहून सटाण्याची एसटी धरली, मग ताहाराबाद, मग शेलबारीचा घाट. लहानपणी मामाच्या गावाला याच रस्त्याने यायचो, खिडकीतून मांगीतुंगीचे दोन सुळके दिसले की आई म्हणायची आलंच आता, आणि खरंच घाट उतरून पिंपळनेर आलं की वास बदलायचा, उसाचा, ओल्या मातीचा. या वेळी मे महिन्याच्या दुपारी उतरले तर तोंडावर नुसती गरम झळ आली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेलेली, गौराईची गाणी संपलेली, झाडाला बांधलेले झोके मात्र अजून तसेच होते.

यायचं कारण म्हणजे मामाचा फोन. गावातली पंचवीस-तीस पोरं दर रविवारी पाट साफ करतायत, आता तर सलग तीन दिवस काढायचे ठरलेत, तू ये, बघ. मामा स्वतःहून असं कधी म्हणत नाही.

धुळे जिल्ह्यातल्या या साक्री तालुक्याबाहेरच्या लोकांना पाट म्हणजे नुसता कालवा वाटेल, म्हणून आधी फड सांगते. पांझरा नदीवर जागोजागी दगडी बंधारे आहेत, काही तीनशे वर्षांहून जुने. बंधाऱ्याने पाणी अडवायचं आणि काठाने काढलेल्या पाटात वळवायचं. पंप नाही, मोटार नाही, फक्त उतार. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग, आणि जादाचं पाणी सांडेतून परत नदीला. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे पाडलेले असतात, तो एकेक तुकडा म्हणजे फड, आणि अख्ख्या फडात एकच पीक. यंदा या फडात ऊस, त्यात गहू, तिकडे ज्वारी, एखादा पडीक, आणि दरवर्षी हे फिरवायचं. बऱ्याच घरांची थोडी थोडी जमीन सगळ्याच फडांत असते, त्यामुळे पाणी कमी आलं तर सगळ्यांनाच कमी, कुणी एकटा मरत नाही. मला ही गोष्ट आजोबांनी सांगितलेली, तेव्हा कळली नव्हती, आता कळली तर अंगावर काटा आला.

आणि पाणी द्यायचं काम शेतकऱ्याचं नाहीच. ते पाटकऱ्याचं. रात्री दोन वाजता पण तोच पाण्याचं बारं, म्हणजे पाळी, फिरवणार, शेताच्या मालकाने चारीला हात लावायचा नाही. पिकाची राखण जागल्या करणार, सगळ्यांवर लक्ष हवालदाराचं. त्यांना मोबदला पूर्वी धान्याने मिळायचा. 2005 मध्ये राज्याने कायदा केला की शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढून स्वतः व्यवस्थापन करावं, चांगलाच कायदा आहे, पण इथे तो कारभार कागद येण्याच्या कितीतरी आधीपासून चालला होता. मग नदीवर वरच्या अंगाला धरणं आली, विहिरी झाल्या, बोअर झाले, ज्याच्याकडे स्वतःचं पाणी तो म्हणाला मी फडाचं पीक का घेऊ, मला डाळिंब लावायचंय. बारमाही वाहणारी नदी उन्हाळ्यात खडखडीत पडायला लागली. कितीतरी पाट असे गाळाने भरत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पाटावर. पोरं आधीच आलेली. टिकाव, फावडी, घमेली, आणि दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या, डिझेल वर्गणीतून. बहुतेक पोरं विशी-पंचविशीची, एकजण सुरतला साडीच्या कारखान्यात कामाला आहे, सुट्टी काढून आलेला. मला वाटलं होतं फोटो वगैरे काढायची गर्दी असेल पण कुणी फोन बाहेर काढत नव्हतं, उन्हं चढायच्या आत दोनशे फूट उरकायचे होते.

पाटात उतरल्यावर कळतं गाळ म्हणजे काय. वरचा थर भेगाळलेला, पायाखाली कडकड मोडतो, खाली मात्र काळा आणि ओलसर, त्यात बेशरमाची मुळं अशी विणलेली की एका मुळाला तिघं लोंबकळायची. आणि गुटख्याच्या पुड्या. मी एका तासात दोन घमेली भरून फक्त पुड्या आणि पाण्याच्या पाऊचच्या पिशव्या काढल्या. त्याच्या खाली, साधारण गुडघाभर खोल, अचानक फावडं ठण्ण वाजलं. सगळी पोरं थांबली. हाताने माती सारली तर घडीव दगडांची तळ, एकमेकांत नीट बसवलेली, आणि मधल्या दगडाला कडेला एक खाच. तिथे जमलेल्यांपैकी कुणीच तो दगड आधी पाहिलेला नव्हता.

मग बापूंना बोलावलं. बापू म्हणजे गावातले शेवटचे पाटकरी, ऐंशीच्या पुढचे, डोळ्याला कमी दिसतं. त्यांना दोघांनी हात धरून पाटात उतरवलं, ते खाली बसले आणि त्या खाचेत चार बोटं घालून बघितली. म्हणाले इथं फळी लागायची, फळी बसली की निम्मं पाणी इकडं, निम्मं तिकडं. आणि कुणी फळी चोरून वर केली तर? मी विचारलं. बापू म्हणाले, "पानी कोनं एकलानं नही, फडनं शे." पाणी कुणा एकट्याचं नाही, फडाचं आहे. एवढंच. बाकी उत्तर त्यांना गरजेचं वाटलं नाही.

दुपारी शाळेच्या ओट्यावर जेवण. कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा, आणि घोटलेली उडदाची डाळ, सगळं गावातल्या बायांनी केलेलं. मावशी प्रत्येकाला आग्रह करत होत्या आणि मला बघून, "कवय उनी वं बाई?" (कधी आलीस गं बाई?) असं इतक्या मायेने विचारलं की मला आजीच आठवली. शाळेतले एक सर पोरांना हिशोब सांगत होते, एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की 10 हजार लिटर पाणी होतं, म्हणजे एक बरी सर आली तरी आपल्या शिवारात टँकरच्या टँकर पडतात आणि नाल्याने निघून जातात. पोरं भाकरी हातात धरून ऐकत होती.

पण सगळ्यात अवघड काम गाळ काढण्याचं नव्हतंच, ते मला संध्याकाळी कळलं. काढलेला गाळ कुणाच्या शेतात टाकायचा यावरून पारावर जे वाजलं! गाळ म्हणजे सोनं, मुरमाड जमिनीत टाकला तर पीक सुधारतं, ते आता सगळ्यांना माहितीये. पाटाच्या तोंडाशी ज्यांची शेतं ते म्हणणार आमच्या बांधाला लागून आहे, आमचा. शेपटाकडचे म्हणणार आम्हाला पाणी कधीच पोचत नाही, निदान माती तरी द्या. एक काका तर तावातावाने उठून निघूनच गेले. पोरांनी कुणाला उलट शब्द बोलला नाही. त्यांच्यातल्या एकीने, नर्सिंग शिकते ती, वहीतलं पान फाडून चिठ्ठ्या केल्या, आणि नियम एकच सांगितला की पहिल्या दहा ट्रॉल्या शेपटाकडे, बाकीच्यांची चिठ्ठी. वाद आणखी तासभर चालला. शेवटी निघून गेलेल्या काकांच्या घरी दोघं चिठ्ठीचा डबा घेऊन गेले आणि त्यांच्याच हाताने पहिली चिठ्ठी काढून घेतली. मला हे फार आवडलं. बंधारा दगडाचा असतो पण फड टिकायचा तो असल्याच संध्याकाळींमुळे, आणि हे काम कुठल्या योजनेच्या अंदाजपत्रकात लिहिता येत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळचं काम उरकून मी आणि मामा बाइकवर बारीपाड्याला जाऊन आलो. याच तालुक्यातला आदिवासी पाडा, चैत्राम पवारांचा, ज्यांना 2025 ला पद्मश्री जाहीर झाली. उघडे पडलेले डोंगर गावाने स्वतः नियम करून राखले, कुऱ्हाड बंद, आणि आता तिथे मे महिन्यात सावली आहे, मी त्या सावलीत उभी राहिले म्हणून सांगते. पावसाळ्यात तिथे वनभाज्यांची स्पर्धा भरते, बाया जंगलातून आणलेल्या भाज्या रांधून मांडतात, ती बघायला परत यायचं ठरवलंय. मामा परत येताना गप्प होता. नंतर म्हणाला, वर झाडं नसली तर आपण खाली कितीही पाट उपसा, गाळ येतच राहणार. पोरांच्या वहीत आता पावसाळ्यासाठी नाल्याच्या काठाला लावायची झाडं लिहिलेली आहेत, करंज, बांबू, सीताफळ.

पुण्याला परत आले तर तळहाताला फोड आणि नखात काळी माती, दोन दिवस गेली नाही.

जुलैमध्ये मामाचा फोन आला. नदीला पाणी आलंय, पाट सोडला, बापूंना खुर्चीवर बसवून बंधाऱ्यावर नेलं होतं. त्या खाचेत पोरांनी नवीन फळी बसवलीय, सागाची. पाणी दुसऱ्या मोरीपर्यंत नीट गेलं, पुढे उंदरांच्या बिळातून पाट फुटला आणि सगळं नदीत गेलं, शेपटाकडे थेंब पोचला नाही. मी विचारलं आता? तर म्हणाला पोरं रविवारी मुरूम घेऊन जातायत, ते चिठ्ठीवाले काका पण ट्रॅक्टर देतायत, तुझं काय?

शनिवार रात्रीचं तिकीट काढलंय.