कन्सोलवर शिकवण्याची तयारी

प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया मी मुंबईत अनेक वर्षे रोबोटच्या साहाय्याने करत होतो. तरीही विभागातील तरुण सर्जनांना शिकवण्याची जबाबदारी आली, तेव्हा त्यासाठी वेगळे प्रशिक्षण घ्यायलाच हवे असे मला वाटले. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत शिक्षक टेबलापाशीच उभा असतो आणि गरज पडल्यास शिकणाऱ्याचा हात धरून दिशा दाखवतो. रोबोटिकमध्ये मात्र शिकणारा रुग्णापासून दूर कन्सोलवर, म्हणजे रोबोट चालवण्याच्या नियंत्रण-यंत्रावर, बसलेला असतो आणि शिक्षकाचा आधार मुख्यतः शब्दांवरच राहतो. २००९ मध्ये दा विंची एसआय या रोबोटिक शस्त्रक्रिया प्रणालीसोबत दुहेरी कन्सोल, म्हणजे शिक्षक आणि शिकणारा यांच्यासाठी वेगवेगळा, आला, त्यामुळे उपकरणांचा ताबा लगेच देता-घेता येऊ लागला. ही मोठीच सोय आहे. पण ताबा परत घेणे इतके सोपे झाले की समजावून सांगण्याआधीच तो घेण्याचा मोह होतो.

प्रशिक्षणात सर्जन पेटन यांची कौशल्ये शिकवण्याची चार पायऱ्यांची पद्धत होती. आधी शिक्षक न बोलता कृती दाखवतो, मग तीच टप्प्याटप्प्याने समजावत करतो, नंतर शिकणारा सांगेल तसे शिक्षक करतो आणि शेवटी शिकणारा स्वतः करतो. यातली तिसरी पायरी मला सर्वांत मोलाची वाटली. मूत्राशय आणि मूत्रमार्ग जोडण्याच्या टाक्याचा सराव सिम्युलेटरवर चालला असताना सहकारी म्हणाली, “सर, सुई घाला.” सुई कुठे धरायची, ऊतीत कोणत्या कोनातून शिरवायची आणि मनगट कधी फिरवायचे, हे ती सांगेपर्यंत मी हात हलवला नाही. तिला नेमके काय उमगले आहे आणि काय ती केवळ पाहून करते आहे, हे त्या काही मिनिटांत स्पष्ट झाले. बहुतेक रोबोटिक प्रणालींत स्पर्श जाणवत नाही, त्यामुळे धागा किती ताणला गेला हे डोळ्यांनीच ओळखावे लागते. “हळू ओढा” एवढ्याने भागत नाही. धागा सरळ झाला की थांबा, ऊती पांढुरकी पडू लागली तर ताण सैल करा, असे दिसणाऱ्या खुणांच्या भाषेत सांगावे लागते.

हस्तक्षेपाचा क्रमही आम्ही ठरवून घेतला: प्रथम प्रश्न, मग स्पष्ट सूचना, मग पडद्यावर जागा दाखवणे आणि अखेरीस ताबा. रक्तस्राव झाला तर मात्र ताबा थेट माझ्याकडे येतो. “थांबा” म्हटले की दोन्ही हात आणि कॅमेरा जागच्या जागी स्थिर ठेवायचे, हे टेबलापाशी असलेल्या साहाय्यकासह सर्वांना आधीच माहीत असते.

मूल्यमापनासाठी आम्ही गिअर्स (GEARS) ही रोबोटिक कौशल्याची मोजपट्टी वापरतो. तिच्यात खोलीचा अंदाज, दोन्ही हातांचा समन्वय, कार्यक्षमता, ऊतींवरील जोराचे भान, स्वावलंबन आणि रोबोटवरील नियंत्रण असे सहा निकष आहेत. गुणांपेक्षा त्याच दिवशी चित्रफीत पाहत होणारी चर्चा मला अधिक उपयोगी वाटते. शस्त्रक्रियेतील कोणता टप्पा शिकणारा सर्जन करणार आणि मी कुठे ताबा घेणार, हे आता आदल्या दिवशीच ठरते. त्याचा सहभाग संमती घेताना रुग्णालाही सांगितला जातो.