फेरिस्त दुसऱ्या गावी ठेवा

30 जून 1922 ला डब्लिनमध्ये काय झालं, हे जुन्या कागदांत काम करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी नीट वाचावं असं मला मनापासून वाटतं. मी मोडी वाचते, दप्तरं लावते. त्यामुळे तो दिवस मला दूरच्या देशातला वाटत नाही.

लिफी नदीच्या काठी फोर कोर्ट्स ही न्यायालयांची इमारत आहे. तिच्या आवारात आयर्लंडचं सरकारी अभिलेखागार होतं. बांधणाऱ्यांनी आगीचा विचार आधीच केला होता. पुढे वाचनकक्ष आणि कारकुनांच्या खोल्या, मागे सहा मजली कोठार, आणि पुढची आग मागे पोचू नये म्हणून दोन्हींच्या मध्ये अंतर. एप्रिल 1922 मध्ये इंग्लंडशी झालेला तह न मानणाऱ्या सशस्त्र गटाने आवार ताब्यात घेतलं आणि कागदांच्या शेजारी दारूगोळा आणून ठेवला. 28 जूनला नव्या आयरिश सरकारच्या फौजेने ब्रिटिशांकडून घेतलेल्या तोफा त्यावर डागल्या. दोन दिवसांनी प्रचंड स्फोट झाला आणि कोठारच पेटलं. पुढच्या इमारतीत त्या वेळी जे थोडे कागद होते ते वाचले. मागे सात शतकांचं दप्तर राख झालं. 1821 ते 1851 च्या जनगणना जवळजवळ सगळ्या गेल्या. जळके कागद उडून शहरभर पडले.

दोष दोघांचाही होता, असं मी स्पष्ट म्हणेन. युद्धात सांस्कृतिक वारसा जपण्यासाठी झालेल्या 1954 च्या हेग कराराने पुढे दोन्ही गोष्टींना मनाई केली: अशा वास्तूवर हल्ला करायचा नाही, आणि तिचा लष्करी वापरही करायचा नाही. त्याच करारात शांततेच्या काळातच तयारी करून ठेवा असंही कलम आहे. तिकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

मला सगळ्यात जास्त लागते ती चर्चच्या नोंदवह्यांची गोष्ट. चर्च ऑफ आयर्लंडच्या गावोगावच्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या जुन्या वह्या सुरक्षित राहाव्यात म्हणून डब्लिनला मागवल्या होत्या. ज्यांच्याकडे नीट जपायची सोय होती त्यांना त्या स्वतःकडे ठेवायची मुभा होती. डब्लिनला गेलेल्या जवळजवळ सगळ्या जळाल्या, गावात राहिलेल्या टिकल्या. काही पाद्र्यांनी वह्या पाठवण्याआधी नक्कल करून घेतली होती, तेवढीच आज हाताशी आहे.

आणि यादी! अभिलेखागारातले अधिकारी हर्बर्ट वुड यांनी 1919 मध्ये तिथल्या दप्तराची मार्गदर्शिका छापली होती. कोठारात काय काय होतं ते त्यामुळे आज कळतं. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने 2022 मध्ये जळलेल्या कोठाराची इंटरनेटवरची प्रतिकृती, म्हणजे आभासी कोठार, लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा हीच मार्गदर्शिका कामी आली. कुठल्या नोंदीची नक्कल कुठल्या देशात, कुठल्या ग्रंथालयात पडून आहे याचा शोध घेत कॉलेजच्या लोकांनी त्या यादीतल्या रिकाम्या जागा भरत आणल्या.

ढिगाऱ्यातून काढलेले कागद आणि चर्मपत्रं गठ्ठे बांधून कित्येक दशकं तशीच ठेवली होती. चर्मपत्र म्हणजे कातडं. आगीच्या धगीने ते आक्रसतं, कडक होतं, घड्या एकमेकींना चिकटतात. ओढून उघडायला गेलं तर तुकडा पडतो. आधी बेताचा ओलावा द्यायचा, मग एकेक घडी सैल करत दाबाखाली सपाट करायची. ज्याने कसर लागलेला, चिकटलेला रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडवला आहे त्याला हे काम किती संथ असतं ते सांगायला नको.

आपल्याकडे फेरिस्त, म्हणजे दप्तराची यादी, बहुतेक वेळा रुमालांच्याच कपाटात असते. कागद आणि कागदांची यादी एकाच खोलीत, एकाच कुलपाखाली. मी जिथे काम करते तिथेही तेच होतं. विश्वस्तांकडे मी एवढंच मागितलं आहे: फेरिस्तीची एक छापील प्रत आणि एक हार्ड डिस्क, दोन्ही दुसऱ्या गावच्या संस्थेत, रीतसर पावती घेऊन. स्कॅनिंगला पैसे लागतील, वर्षं जातील. यादीला फक्त माणूस बसवावा लागतो, आणि मी बसायला तयार आहे.