दिड दा

शिकायला येणाऱ्या मुलांचे आईबाप कधी ना कधी विचारतातच, "मध्ये सात वर्षं तुम्ही सतार सोडली होतीत म्हणे. मग परत कशी धरलीत?" बहुतेकदा दारात चपला घालता घालता विचारतात, म्हणून मी "सुटत नाही हो" म्हणून वेळ मारून नेते. आज नीट सांगते.

सोडायला काही मोठं कारण नव्हतं. एका कार्यक्रमात वाजवताना लक्षात आलं, की आपलं अर्धं चित्त परतीच्या एसटीत आहे आणि हात मात्र बिनचूक चाललेत. चुकले असते तर बरं वाटलं असतं. घरी आले, सतारीला खोळ चढवली, ती चढलेलीच राहिली. बोटांवरचे घट्टेसुद्धा मऊ पडले.

मग भाचीनं काव्यवाचनाच्या स्पर्धेसाठी केशवसुतांची 'सतारीचे बोल' पाठ करायला घेतली. कविता तुम्हाला ठाऊक असेल. काळोख्या रात्री एक खचलेला माणूस रस्त्यानं भटकतोय, मनात विष खाण्यापर्यंतचे विचार, आणि एका खिडकीतून सतार ऐकू येते. आधी तो चिडतो. 'पिरपिर कसली खुशालचंदा' म्हणतो! हे मला फार आवडतं. दुःखी माणसाला दुसऱ्याचं संगीत आधी असंच खुपतं. चार पावलं पुढे जातो आणि पाय आपोआप मागे वळतात. मग तो रडतो, धीर धरतो, मान वर करतो तर आभाळभर नक्षत्रं. इतका वेळ ती होतीच, त्याला दिसत नव्हती एवढंच. शेवटी घरी जाऊन शांत झोपतो आणि स्वप्नातही बोल म्हणत राहतो: दिड दा, दिड दा, दिड दा.

भाची हे पालुपद आगगाडीसारखं धडधडत म्हणायची. दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून ओरडले, "अगं, हळू! ती गत आहे, विलंबित!"

"म्हणजे कशी, मावशी?"

आता हे तोंडानं कसं सांगायचं? तार छेडायला बोटात घालतात ती नखी. ते नखीचं बोट आत येताना 'दा', बाहेर जाताना 'रा', आणि एका मात्रेत दोन्ही आघात पटकन घेतले की 'दिड'. दिड दा दिड दा रा, दा दा रा. ही मसीतखानी गत, म्हणजे सतारीवर संथ लयीत वाजवायची ठरलेली रचना. तीनतालात बाराव्या मात्रेवर उचलायची, पाच मात्रांनी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं. सतारीच्या विद्यार्थ्याला ही अगदी सुरुवातीला मिळते आणि लवकरच नकोशी होते. कवितेत मात्र तिसऱ्यांदाही 'दिड दा'च येतं, 'रा' नाहीच. माझ्या मते केशवसुतांनी ती रस्त्यावरून जाणाऱ्याला ऐकू येते तशी लिहिली. तालमीत बसलेल्याला येते तशी नाही.

शेवटी खोळ काढली. तरफा, म्हणजे खालच्या झंकारणाऱ्या बारीक तारा, गंजलेल्या, बाजाची म्हणजे मुख्य तार लावताना तुटली, नखी बोटावर फिरत होती. दुसऱ्या तारेवर कसंबसं वाजवून दाखवलं. भाची म्हणाली, "आता कवितेची ओळ म्हणू का यावर?" आणि म्हणाली: काळोखाची रजनी होती. मात्रा मोजून बघा, सोळा भरतात. तीनतालाच्याही सोळाच. योगायोग असेल, पण ती ओळ म्हणत होती, मी वाजवत होते आणि समेवर दोघी एकदम आलो तेव्हा अंगावर काटा आला. शिकताना पहिल्यांदा सम सापडली होती, त्या दिवसासारखा.

तोवर मला ही कविता ऐकणाऱ्याचीच वाटायची. त्या दिवसापासून मी खिडकीच्या आतल्या माणसाचा विचार करते. कवितेत तो शेवटपर्यंत दिसत नाही. खाली कुणीतरी डोकं हातांत धरून बसलंय, हे त्याला कळतच नाही. कदाचित तो नुसता रियाज करत असेल. कदाचित कंटाळलाही असेल, उद्याच्या कामांचा हिशेब डोक्यात चालू असेल. तरी गत वाजत होती.

भाचीला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांना पालुपद फारच संथ वाटलं.

सतार मात्र मी मिरजेला नेली, तरफा बदलून, जवारी काढून, म्हणजे आवाज खुलावा म्हणून घोडी घासून, आणली. अजून सकाळी सुरुवात त्याच मसीतखानी गतीनं करते, रस्त्याकडची खिडकी उघडी ठेवून. खालच्या मजल्यावरचे काका भेटले की म्हणतात, "रोज तेच तेच काय वाजवता हो?"