चेकलिस्टमध्ये न बसणारा जावई

युरोपचा व्हिसा मिळाला, जाऊन आलो, मेहुणीच्या बाळाला खेळवून झालं, तरी मुंबईतल्या व्हिसा केंद्राच्या त्या काउंटरची आठवण निघाली की माझं डोकं तापतं. आमच्यासारखी, एक जण इथला आणि एक युरोपातला, अशी जोडपी आता कोल्हापूर-सांगलीकडे वाढायला लागलीत आणि युरोपीय जोडीदाराबरोबर तिकडे जायचं तर आपला व्हिसा कसा काढायचा, हेच गेल्या काही महिन्यांत दोघांनी फोन करून मला विचारलं. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

माझी बायको पोलंडची. कोल्हापुरात हे सांगितलं की जुनी माणसं लगेच जवळच्या वळिवडे गावाचा विषय काढतात. दुसऱ्या महायुद्धात तिथे पोलिश निर्वासितांची छावणी होती, 1943 पासून 1948 पर्यंत, जवळपास पाच हजार माणसं. बायको पहिल्यांदा इकडे आली तीही तेच बघायला. पुढचं सगळं रीतसर झालं. विशेष विवाह कायद्याखाली लग्न, त्याची तीस दिवसांची नोटीस, तिचा एंट्री व्हिसा, परकीय नागरिक म्हणून ऑनलाइन नोंदणी. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. अडलं ते माझ्या वेळेला.

मेहुणी पोलंडमध्ये राहत नाही. युरोपातल्याच दुसऱ्या एका देशात नोकरी करते. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला भांडण परत उकरायचं नाही. तिला मुलगी झाली आणि सासूबाईही तिकडेच मुक्कामाला गेल्या. म्हणजे माझी सासुरवाडी त्या उन्हाळ्यापुरती तिसऱ्याच देशात हलली होती. दोन्ही देश युरोपियन युनियनमधले, म्हणून बायकोला व्हिसा लागायचा प्रश्नच नव्हता. तिकडच्या लोकांच्या लेखी परदेशी नवरा मी, त्यामुळे कागद माझे.

आधी शाहूपुरीतल्या एका एजंटाकडे गेलो. त्याने माझा धंदा विचारला. उद्यमनगरात लहानसं मशीन शॉप आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. ‘‘भावा, पगाराची स्लिप नाही म्हणजे जरा अवघड हाय. खात्यात पाच-सहा लाख दाखवायला लागतील. आपण फिरवून देऊ की.’’ हे फिरवून देणं कुणी करू नका. अर्जाच्या आठ दिवस आधी अचानक आलेली मोठी रक्कम स्टेटमेंटमध्ये पहिली डोळ्यात भरते, आणि पैसा कुठून आला हे विचारलं तर सांगणार काय?

तो सांगत होता तो साधा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो. फी 90 युरो, किमान 30,000 युरोचा प्रवास विमा, बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रं, तिकिटांचं बुकिंग, आणि वर ‘हा माणूस परत येईल’ याचा पुरावा. त्यासाठी लोक सातबारासुद्धा इंग्रजीत करून जोडतात. कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं. ज्याचं लग्न युरोपीय नागरिकाशी झालेलं नाही त्याला हाच रस्ता, आणि त्यात वाईट काही नाही.

पण माझ्या बायकोने तिच्या भाषेतली सरकारी पानं वाचायला घेतली आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी माझ्यासमोर एक कागद ठेवला. युरोपियन युनियनचा 2004 चा नियम, डायरेक्टिव्ह 2004/38. युनियनमधल्या एका देशाचा नागरिक दुसऱ्या सदस्य देशात जात असेल आणि त्याचा परदेशी जोडीदार त्याच्याबरोबर किंवा त्याच्याकडे जात असेल, तर जोडीदाराला व्हिसा फुकट द्यायचा आणि लवकरात लवकर द्यायचा. हे कलम 5(2) मध्ये स्वच्छ लिहिलंय. बँक बॅलन्स नाही, आयकर नाही, विमा नाही. सिद्ध करायच्या गोष्टी मोजून तीन: ती युरोपीय नागरिक आहे, आमचं लग्न झालंय, आणि आम्ही बरोबर चाललोय. नाकारायचा तर सार्वजनिक सुरक्षा, सुव्यवस्था, आरोग्य किंवा लग्नच खोटं असणं, एवढीच कारणं चालतात, आणि तीही लेखी द्यावी लागतात.

यातली मेख नीट लक्षात घ्या, कारण फोन करणाऱ्या दोघांपैकी एकाचं इथेच अडलं. बायको ज्या देशाची नागरिक, त्याच देशात जायचं असेल तर हा नियम लागू होत नाही. तिथे त्या देशाचा स्वतःचा कायदा चालतो. आम्ही थेट पोलंडला निघालो असतो तर मला यातलं काही मागता आलं नसतं. आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर तिथे जाऊन राहण्याचं कार्ड काढावं लागतं. तो विषयच वेगळा.

अर्जाच्या फॉर्मवरही हे छापलेलं आहे. काही रकान्यांवर तारा (*) असतो आणि युरोपीय नागरिकाच्या कुटुंबीयांनी ते भरू नयेत अशी सूचना असते. त्यात नोकरीधंद्याचा रकाना येतो, खर्च कोण करणार तोही येतो. मी ते कोरे सोडले आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

खरं तर अशा अर्जदाराला थेट वकिलातीत अर्ज देता आला पाहिजे. वकिलातीच्या वतीने अर्ज गोळा करणारं खासगी व्हिसा केंद्र त्याच्या सेवेचे पैसे घेतं, आणि कुटुंबीयांकडून तर काहीच पैसे घ्यायचे नाहीत. युनियनचा कारभार बघणाऱ्या युरोपियन कमिशनच्या व्हिसा हँडबुकात हे लिहिलेलं आहे. आम्ही वकिलातीला मेल केला. उत्तर आलं ते ठोकळेबाज: अर्ज व्हिसा केंद्रात द्या. ठीक आहे म्हटलं, जाऊ. केंद्राच्या साइटवर वेळ घ्यायला गेलो तर माझा प्रकारच यादीत नाही. पर्यटन आहे, व्यवसाय आहे, कुटुंब आणि मित्रांची भेट आहे. त्यातलं शेवटचं निवडलं, कारण दुसरं काही निवडताच येत नव्हतं.

रात्रीच्या महालक्ष्मीने निघालो, सकाळी मुंबई. स्टेशनवरच तोंड धुतलं, वडापाव खाल्ला आणि वेळेच्या आधी केंद्रावर हजर. दारातल्या सिक्युरिटीने बायकोला अडवलं. ‘‘ओन्ली अप्लिकंट.’’ आता मला सांगा, माझा सगळा अर्ज जिच्या पासपोर्टवर उभा, ती बाहेर फुटपाथवर आणि मी आत एसीत. पुढचा सगळा वेळ ती तिथे उभी होती, आणि पोलिश बाई बघून तीन-चार टॅक्सीवाले ‘मॅडम, गेटवे?’ विचारून गेले.

काउंटरवरची मुलगी वाईट नव्हती. पत्ता वाचून लगेच मराठीत आली. ‘‘कोल्हापूरचे का? माझी आत्या इचलकरंजीत असते.’’ मला वाटलं झालं काम. मग तिने ड्रॉवरमधून छापील यादी काढली, पिवळा हायलायटर घेतला आणि एकेक ओळ रंगवायला सुरुवात केली.

‘‘सर, आयटीआर?’’

‘‘लागत नाही.’’

‘‘सर, सगळ्यांनाच लागतो. तीन वर्षांचा.’’

‘‘मी युरोपीय नागरिकाचा नवरा आहे. हे बघा, फॉर्मवरच लिहिलंय.’’

तिने फॉर्म बघितला, तारे बघितले, खालची बारीक टीप वाचली. खरंच वाचली, ओठ हलत होते. मग म्हणाली, ‘‘हो सर, पण चेकलिस्टमध्ये नाही ना.’’

बँक स्टेटमेंट, विमा, हॉटेल बुकिंग. आम्ही मेहुणीच्या घरी राहणार म्हटल्यावर तिकडून अधिकृत शिक्क्याचं आमंत्रणपत्र. प्रत्येक ओळीला मी ‘लागत नाही’ म्हणायचो आणि ती समोर गोल करायची. यादीच्या उजवीकडे पिवळ्या गोलांची रांग तयार झाली. बाजूच्या खुर्चीवरचा गुजराती कुटुंबप्रमुख पोटापाण्याच्या सगळ्या फायली घेऊन आलेला. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मी लग्नाला फुकट जेवायला आलेल्याकडे बघतो तशी होती.

मग सुपरवायझर आले. मी कलम 5(2) ची प्रिंट पुढे केली. त्यांनी ती हातात घेतलीच नाही, टेबलावरच अर्धवट वाचली. ‘‘सर, हे तुम्ही नेटवरून काढलंय. आम्हाला वकिलातीकडून जे येतं त्यावर आम्ही चालतो.’’ मी म्हटलं, फी तरी नको. तर म्हणाले, सिस्टीम शून्य घेतच नाही. आत्ता भरा, मग वकिलातीकडे परत मागा. आणि अर्ज द्यायचाच असेल तर या कागदावर सही करा. कागदावर काय, तर अर्जदाराने आवश्यक कागदपत्रं न देता स्वतःच्या जबाबदारीवर अर्ज दिला आहे. ‘आवश्यक’ म्हणे! ज्या गोष्टी नियमाने लागतच नाहीत त्या मी दिल्या नाहीत, असं मीच लिहून द्यायचं. उद्या अर्ज नाकारला तर माझीच सही माझ्या नाकासमोर धरतील. मी सही केली नाही. अर्ज घेत नाही एवढं लेखी द्या म्हटलं, तर तेही नाही. ‘‘लेखी द्यायची पद्धत नाही सर.’’

बाहेर येऊन बायकोला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, ‘‘मग मीच बोलते आता.’’ मी रागावलो की आवाज चढतो, ती रागावली की मेल लिहिते.

सॉल्व्हिट नावाची युरोपियन युनियनची एक सेवा आहे. सदस्य देशाच्या सरकारी कार्यालयाने युनियनचा नियम पाळला नाही तर तिथे ऑनलाइन तक्रार करता येते आणि पैसे पडत नाहीत. तिने स्वतःच्या नावाने तक्रार टाकली, नागरिक ती म्हणून. दुसरा मेल वकिलातीला: कलम, हँडबुकातलं वाक्य, केंद्रात काय झालं ते, आणि शेवटी एकच मागणी, थेट अर्ज द्यायची वेळ द्या. शिवी नाही, ‘कृपया लवकर’ नाही. मी तो वाचला तेव्हा मला फार मिळमिळीत वाटला होता.

त्यानंतरचं वाट बघणं वाईट. तिकिटांचे दर रोज वाढायचे, मेहुणी बाळाचे फोटो पाठवायची, आणि आई मला रोज जेवताना विचारायची, ‘‘सूनबाईला एकटीला पाठवतोस की काय?’’ दुपारी दुकानात लेथवर असलो तरी एक हात फोनकडे जायचा. नाइलाजाने मी बँकेचे उतारेसुद्धा काढून ठेवले होते, आणि कसबा बावड्यातल्या सीएला फोन लावून विवरणपत्रं मागवली होती. तेवढ्यात उत्तर आलं. सॉल्व्हिटच्या तक्रारीचा उल्लेख करून वकिलातीने वेळ दिली होती, थेट, तीही दोघांना.

तिथे काय झालं ते दोन ओळींत संपतं. लग्नाचा मूळ दाखला बघितला, तिचा पासपोर्ट बघितला, बरोबर जाताय का विचारलं, माझे ठसे घेतले. फी नाही. पंधरा दिवसांच्या आत पासपोर्टवर व्हिसा चिकटून आला. काढून ठेवलेले ते उतारे कुणी बघितलेच नाहीत.

आता आठवतील तशा काही गोष्टी. लग्नाचा दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या, आणि त्यात नावांचं स्पेलिंग पासपोर्टवर आहे तेच घालायला लावा. दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे तो परदेशात खरा मानला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, तोही लवकर करून घ्या. भारत 2005 पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, पण आधी राज्य सरकारचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालय, असा कागद फिरतो. वेळ तिथे जातो, म्हणून तिकिटाचा विचार डोक्यात आला की पहिलं हे काम. फोटो 35 बाय 45 मिलिमीटरचा. राजारामपुरीतल्या स्टुडिओवाल्याने मला न विचारता गोरं करून दिलं होतं. तसा फोटो नको, चेहरा आहे तसाच पाहिजे. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा हवा, आणि दोन पानं कोरी हवीत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. आमच्यासारखी भांडणाची शक्यता असेल तर तेवढे महिने खरंच हाताशी ठेवा.

जोडीदाराचा इकडचा व्हिसाही तपासा, नाहीतर तुमचं जाणं होईल आणि तिचं परत येणं अडेल. एंट्री व्हिसावर ‘मल्टिपल’ लिहिलेलं असलं पाहिजे. लग्नाची नोंदणी होऊन सलग दोन वर्षं झाली असतील तर ओसीआय कार्डासाठी (परदेशी नागरिकाला व्हिसाशिवाय भारतात येता-राहता येतं ते कार्ड) अर्ज करता येतो, म्हणजे ही कटकट कायमची मिटते. आमचा अर्ज आता टाकलाय.

एजंटाला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘तुझी केस येगळी हाय भावा.’’ येगळी नाही. त्याच्याकडे येणाऱ्यांत अशा आणखी केस असणार, तो फक्त विचारत नाही.

आणि तिकडच्या विमानतळावर उतरल्यावर परदेशी लोकांच्या लांबलचक रांगेत जाऊन उभे राहू नका. युरोपीय नागरिकाबरोबर असलात तर तिच्याच रांगेतून जायचा तुम्हाला हक्क आहे. लग्नाचा दाखला मात्र हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या नाही. खिडकीतल्या अधिकाऱ्याने आमचा तिथेच मागितला.