स्पीड ३०० एमबीपीएस, तरी गेम का अडकतो?

स्पीड टेस्ट लावली की आकडा बघून छाती फुगते, आणि गेम उघडला की समोरचा माणूस इथून गायब होऊन तिथे उगवतो, आपण गोळी मारेपर्यंत आपणच मेलेलो असतो. मला पण आधी वाटायचं प्लॅन वाढवला की सुटेल. नाही सुटत हो! गेमला डेटा लागतो किती, बऱ्याचदा १ एमबीपीएस पण नाही. त्याला हवा असतो कमी पिंग, म्हणजे पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे सर्व्हर १०,००० किलोमीटर लांब असेल तर जाऊन यायलाच १०० मिलिसेकंद गेले, तिथे प्लॅन काय करणार.

पण माझ्याकडे खरा चोर वेगळाच निघाला. घरात कुणाच्या तरी फोनचे फोटो क्लाउडवर चढायला लागले की अपलोड भरायचं, राउटरमध्ये पॅकेटची रांग लागायची आणि माझं बिचारं छोटंसं पॅकेट त्या रांगेत शेवटी उभं. याला बफरब्लोट म्हणतात (नाव ऐकून पोटाचा आजार वाटतो). राउटरमध्ये एसक्यूएम (ही रांग आटोक्यात ठेवणारी सेटिंग) चालू केलं, त्यातली स्पीड लिमिट खऱ्या स्पीडपेक्षा थोडी कमी ठेवली, पिंगच्या उड्या थांबल्या.

आणि वायफाय सोडा राव, केबल लावा, वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळेच घुसलेले असतात.